थर्मासमधला गाळ

अण्णा आठ दिवसांसाठी म्हणून धाकटीकडे गेले, त्याला आता तिसरा महिना लागला होता.

कारण अगदी साधं होतं. ताईच्या न्हाणीघराच्या फरश्या बदलायच्या होत्या, सिमेंटची धूळ उडणार होती आणि अण्णांना खोकल्याचा त्रास. म्हणून ताईनंच त्यांची बॅग भरली, गोळ्यांच्या डब्यांवर वार लिहिले आणि चार बसथांबे पलीकडे राहणाऱ्या बहिणीकडे वडिलांना पोचतं केलं. फरश्या नवव्या दिवशी बसल्या. दहाव्या दिवशी ताई त्यांना न्यायला गेली, तर अण्णा एका काचेच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेले. बाही कोपराच्या वर, हातात लांब चिमटा आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं.

"थांब गं जरा," ते मान न वळवता म्हणाले. "नुकतंच लावलंय हे रोप. मुळं धरू देत. मग येतो."

रोपानं मुळं धरली. त्याला फुटवे आले. ते कापून दुसऱ्या कोपऱ्यात लावले, त्यांनीही मुळं धरली. अण्णांनी मात्र तिथून हलायचं नाव काढलं नाही.

ताईच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. उगाच आडपडदा कशाला, तो मत्सर होता, नुसता मत्सर. शेजारणीच्या दागिन्यांकडे कधी ढुंकूनही न पाहिलेली ही बाई पन्नाशीला टेकल्यावर चार पानांच्या एका पाणवनस्पतीवर जळायला लागली. आणि एकदा जळायला लागल्यावर तिनं त्यात काही हातचं राखलं नाही.

आई गेल्यापासून अकरा वर्षं अण्णा ताईकडे होते. अकरा वर्षांत तिनं त्यांना स्वतःचा कप विसळू दिला नव्हता. शर्ट इस्त्रीचा, चादर दर तिसऱ्या दिवशी बदललेली, चहा साडेसहाला म्हणजे साडेसहाला. ताई चष्म्याच्या दुकानात काम करायची, काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि त्या कामानं तिचे डोळे कायमचे बिघडवले होते. म्हणजे दिसायचं उत्तम, पण डाग तेवढे आधी दिसायचे. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून, परत लावून दिल्याचा किस्सा तिच्या नवऱ्यानं इतक्यांदा सांगितला होता की आता तो त्याला स्वतःलाही खोटा वाटायचा. तो खरा होता. ताईच्या पर्समध्ये, उशीखाली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत एकेक मऊ पिवळं फडकं असायचंच. अण्णांचा चष्मा ती दिवसातून दोनदा पुसायची. "गोळी घेतली?" "घेतली." "शर्ट बदलला?" "बदलला." बापलेकींचं बोलणं होतं ते एवढंच, पण तेवढं नेमानं व्हायचं, आणि ताईला कधी काही कमी आहे असं वाटलं नव्हतं.

आणि धाकटीचं घर बघा. ती शाळेत चित्रकला शिकवायची, नवरा जहाजावर, सहा महिने घरी नाही. खुर्चीवर बसायचं तर आधी त्यावरचे कागद, मग ब्रश, मग मांजर असं एकेक उचलावं लागायचं. ती टाकीसुद्धा विकत घेतलेली नव्हती. आधीचे भाडेकरू गॅलरीत टाकून गेले होते, आणि धाकटी त्यात गुंडाळलेले कागद उभे करून ठेवायची. आता त्यात पाणी होतं, एक वेडंवाकडं लाकूड होतं, त्याला चिकटलेली गर्द पानं होती, मागे उंच गवतासारखी रोपं होती आणि मधून छोटे मासे फिरत होते. पाणी दुसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीच्या पाण्यासारखं पिवळट. बाजूच्या काचांवर हिरवं शेवाळ. पुढची काच तेवढी साफ, तीही सगळी नाही.

"अण्णा, तू चष्मा लाव की," दोन महिने उलटल्यावर एका रविवारी ताई पुन्हा गेली, तेव्हा धाकटी हसत म्हणत होती. "शेवाळ समजून माझं रोप कापशील."

"तुझं रोप. लावलं कुणी?"

"लावलं तू, पण पाणी कुणाच्या नळाचं?"

आणि दोघं हसले. धाकटी वडिलांना लहानपणापासून 'तू' म्हणायची, ताई 'तुम्ही', आणि इतकी वर्षं ताईला तो आपला मोठेपणा वाटत आला होता. त्या रविवारी पहिल्यांदा तो 'तू' तिला डोळ्यांत खुपला. अण्णांच्या शर्टावर हिरवा डाग होता, वीतभर. तिनं तो पाहिला, आणि घरी जाईपर्यंत तो डागच तिच्या डोळ्यांसमोर नाचत राहिला.

"त्यांना तिथं करमतंय, तर राहू दे ना थोडे दिवस," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता आणि कुठल्याही गोष्टीत घाई करायची नाही हा त्याचा धंद्यातून आलेला स्वभाव होता.

"करमायला काय, टाकीच आहे ना? ती इथंही येऊ शकते," ताई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी दुकानातून अर्धा दिवस सुटी काढून ती शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे गेली आणि धाकटीच्या टाकीपेक्षा बरोबर एक फूट लांब टाकी घेऊन आली. मनातला बेत सरळ होता. टाकी तयार होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. मग एक दिवस अण्णांना जेवायला बोलवायचं, त्यांनी दारातून आत यावं, टाकी बघावी आणि म्हणावं, माझी बॅग मागवून घे. एवढंच तिला हवं होतं. मासे, रोपं, सगळं त्यासाठी.

मासेवाला सज्जन होता, ऐकणाऱ्याला नीट सांगणारा. "खाली रोपांची माती, वर वाळू. पाणी भरा, रोपं लावा, फिल्टर चालू करा आणि विसरून जा. पाच आठवडे मासे सोडायचे नाहीत. टाकीला तिचं तिचं जमू द्यायचं."

विसरून जाणं हे ताईच्या रक्तात नव्हतं. वाळू तिनं नऊ पाण्यांनी धुतली. मातीसुद्धा धुवायला काढली होती, पण पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'धुऊ नये' लिहिलं होतं म्हणून नाइलाजानं हात आवरला. माती उकरली जाऊ नये म्हणून मासेवाल्यानं सांगितल्याप्रमाणे तळाला एक बशी ठेवली आणि तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडली. मग चिमट्यानं रोपं लावायला बसली. एक लावावं, चिमटा बाहेर काढावा, तर चिमट्यामागोमाग रोपही वर यायचं आणि पाण्यावर तरंगायचं. दुसरं लावेपर्यंत पहिलं निसटायचं. काचेवरची केसाएवढी रेघ ओळखणारे हात, पण तीन तासांत अकरा रोपं खाली राहिली आणि सोळा वर आली. तेव्हा तिला अण्णांचा चिमटा आठवला, त्यांची ती पुटपुट आठवली, आणि फोन करून विचारावं असं एक क्षण वाटलंही. पण मग गंमत ती काय राहिली, आणि फोन धाकटीनं उचलला असता तर?

टाकी लागली. दिसत होतीही झकास, काच आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी स्वच्छ. ताई सकाळी बाहेरून पुसायची, संध्याकाळी बाही वर करून आतून. आणि रोज कामावर जाण्याआधी ती फिल्टरमधला स्पंज काढायची आणि नळाखाली धरून पिळायची, पांढराशुभ्र होईपर्यंत. त्यावर साठलेला तो तपकिरी बुळबुळीत थर पाहून तिच्या अंगावर काटा यायचा. असला गाळ ज्यात आहे त्यात जिवंत प्राणी सोडायचे, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

अकराव्या दिवशी धाकटीचा फोन आला. "ताई, गंमत ऐक. आमच्याकडे पिल्लं झाली. अण्णानंच पहिल्यांदा पाहिली, सकाळपासून जागचा हलला नाहीये. तो म्हणतो, यांना मोठं करूनच आता बाकीचं बघू."

'आमच्याकडे' म्हणे. ताईनं फोन ठेवला. पिल्लं मोठी होईपर्यंत दोन महिने, तोवर त्यांना पुन्हा पिल्लं, हे प्रकरण संपायचं कधी? ती तशीच उठून मासेवाल्याकडे गेली.

"निळ्या पट्टीचे ते छोटे. आठ द्या."

मासेवाल्याला टाकी नेल्याचा दिवस काही लक्षात नव्हता. "किती दिवस झाले टाकी चालू करून?"

"दोन महिने," ताई म्हणाली. चष्म्याच्या दुकानात तेवीस वर्षं काढलेल्या या बाईनं गिऱ्हाइकाला कधी अर्ध्या नंबराची थाप मारली नव्हती.

पहिला दिवस मासे छान फिरले. दुसऱ्या दिवशी पाणी जरा दुधाळ दिसलं. तिनं स्पंज दोनदा धुतला. तिसऱ्या दिवशी सगळे मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन तोंडाची उघडमीट करत होते.

"लिफ्ट अडकली की आतली माणसं अशीच वर तोंड करून उभी राहतात," नवरा म्हणाला, आणि बायकोचा चेहरा पाहून पुढचं त्यानं गिळलं.

संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले. ताईनं अर्धं पाणी काढलं, नळाचं ताजं भरलं, दगड काढून घासले, काच पुसली. सकाळी आणखी दोन गेलेले. रोपांची पानं कडेनं विरघळायला लागली होती. ती दुकानात गेली नाही, मासेवाल्याकडे गेली, आणि या वेळी खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला, रोज स्पंज पिळून त्यांची कातडी पार सुरकुतली होती.

"बाई, त्या गाळातच सगळं असतं," तो म्हणाला. "माशांची घाण पचवणारे जंतू त्या स्पंजावर राहतात. ते बसायला आठवडे लागतात, आणि तुम्ही रोज त्यांना नळाखाली धरता. नळाच्या पाण्यात औषध असतं ते वेगळंच. आता एकच उपाय. कुणाची तरी जुनी, मुरलेली टाकी शोधा. तिच्या फिल्टरातला गाळ आणून इथं घाला. आहे का कुणी ओळखीचं?"

"नाही," ताई म्हणाली.

ती घरी आली आणि टाकीसमोर बसली. चार मासे उरले होते. त्यातला एक कडेला तिरका होऊन पोहत होता, सरळ व्हायचा आणि परत कलंडायचा. जगात एकच जुनी, मुरलेली टाकी तिला माहीत होती. म्हणजे आता धाकटीच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, तुझ्याकडची घाण दे. तिच्या त्या अर्ध्या पुसलेल्या काचेतली, कागद-ब्रश-मांजरातली घाण. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीच्या तळाशी, तिला स्पष्ट कळत होतं, रडू होतं.

नवऱ्यानं फोन आणून तिच्या मांडीवर ठेवला आणि तो स्वयंपाकघरात गेला.

फोन अण्णांनी उचलला. ताई म्हणाली, "अण्णा," आणि थांबली. मग म्हणाली, "अण्णा, माझं पाणी गढूळ झालंय."

"कसलं पाणी?"

तिनं सांगितलं.

"टाकी कधी भरलीस?"

"पंधरा दिवस झाले."

"आणि मासे?"

"चार दिवस."

"पाण्याला वास येतो? कसला, मातीचा की झोंबणारा?"

"झोंबणारा."

"स्पंज धुतलास?"

"रोज धुते."

"कशात?"

"नळाखाली. पांढरा होईपर्यंत."

"बाई गं," अण्णा म्हणाले. पण रागावून नाही. एखाद्याला आपल्याच जुन्या ओळखीचा माणूस भेटावा तसे म्हणाले. "आता कशालाही हात लावू नकोस. दोन बादल्या पाणी भरून उघड्या ठेव, त्यातलं औषध उडून जाऊ दे. मी येतो."

गेल्या वर्षभरात अण्णा आपल्याशी एकूण जेवढं बोलले असतील, तेवढं या दोन मिनिटांत बोलले, हे ताईच्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

तासाभरानं ते आले, एकटे, बसनं. इस्त्री नसलेला शर्ट, आणि छातीशी धरलेला थर्मास. ताईनं थर्मास ओळखला. अण्णांना सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी लागतं म्हणून तिनंच तो सोडा घालून घासून बॅगेत ठेवला होता. अण्णांनी झाकण उघडलं. आत काळपट तपकिरी पाणी होतं, आणि त्यात बुडवलेला स्पंजाचा अर्धा तुकडा. तळ्याकाठच्या चिखलाचा वास खोलीभर पसरला.

त्यांनी तो तुकडा तिच्या पांढऱ्याशुभ्र स्पंजाशेजारी फिल्टरमध्ये बसवला. मग थर्मास कलंडवून गाळ हळूहळू टाकीत ओतला. ताईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि तिच्या टाकीतलं आता काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"खुर्ची आण," अण्णा म्हणाले. बसल्यावर ते म्हणाले, "कामाला लागलो त्या वर्षी मीही हेच केलं होतं."

अण्णांनी शहराच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं काढली, हे ताईला माहीत होतं. म्हणजे ते सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी यायचे, एवढं माहीत होतं.

"मोठे वाळूचे हौद असतात तिथं," ते सांगू लागले. "नदीचं पाणी वरून सोडायचं, वाळूतून झिरपून ते खाली निवळ होऊन येतं. वाळूवर एक साय धरते, चिकट, काळी. नवीन माणसाला काय कळतंय? मला सांगितलं होतं, वरची बोटभर वाळू काढ. मी म्हटलं, एवढी घाण, आणि बोटभरच? वीतभर उपसली आणि धुऊन लख्ख करून परत पसरली. काय खूश होतो. साहेब आले, हौदाकडे बघितलं आणि टोपी काढून खाली बसले. त्या सायीनंच पाणी निवळतं, वाळूनं नाही. हौद महिनाभर बंद. साहेब मला काही बोलले नाहीत. एक स्टूल दिलं आणि म्हणाले, रोज आठ तास इथं बसायचं, हाताची घडी घालून, आणि साय धरताना बघायची."

"मग?"

"मग बघितली. चौतीस वर्षं तेच बघत होतो."

ताई बादलीपाशी उभी होती. "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते टाकीकडेच बघत होते. "धाकटीनं विचारलं. ती रिकामी टाकी दाखवून म्हणाली, अण्णा, असल्या टाक्यांत पाणी साचून राहिलं तरी सडत कसं नाही रे? झालं. मी बसलो."

एवढंच होतं तर. रोपं नव्हती, मासे नव्हते, पिल्लंही नव्हती. ताईला सगळ्या अकरा वर्षांतले आपले प्रश्न आठवले. गोळी घेतली का, शर्ट बदलला का, पाणी कोमट आहे का. एकाही प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही'च्या पुढचं उत्तर लागत नव्हतं. धाकटीचा हेवा तिला आता आधीपेक्षाही जास्त वाटला, कारण या वेळी तो रास्त होता.

"फडकं दे तुझं," अण्णांनी हात पुढे केला.

तिनं पर्समधलं दिलं.

"उशीखालचं पण."

तेही आणून दिलं, खिडकीतलंही दिलं. अण्णांनी तिन्ही फडकी घडी घालून खिशात टाकली. "पाच आठवडे काचेला हात लावायचा नाही. स्पंजाला तर मुळीच नाही."

"आणि तुम्ही?" ताईनं विचारलं.

"मी गेलो तर तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार?"

दोन तासांनी गाळ खाली बसायला लागला आणि पाण्यात पहिल्यांदा काही दिसलं. चार मासे. तो तिरका मासा अजून तिरकाच होता, पण पाण्याच्या मधोमध होता, वर नाही. अण्णांनी काचेला बोट लावून तो दाखवला. काचेवर त्यांच्या बोटाचा भला मोठा ठसा उमटला आणि ताईचा हात आपोआप पर्सकडे गेला, पर्स रिकामी होती.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

"ताई, अण्णा पोचला ना? मी शाळेतून येऊन बघते तर हा नाही, आणि अर्धा स्पंज गायब. इकडे पिल्लांना दिवसातून तीनदा खायला घालायचंय. कधी पाठवतेस त्याला?"

ताईनं अण्णांकडे पाहिलं. ते टाकीपुढे वाकले होते आणि पुटपुटायला लागले होते. तीन महिने ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच, आणि खोटं कशाला बोलावं, तो तिनं चवीनं चाखला.

"बघू," ती सावकाश म्हणाली. "आत्ताच गाळ टाकलाय. मुळं धरू देत."

पलीकडे धाकटी गप्प झाली. "बरं," असं म्हणाली, पण फोन ठेवला नाही. ती शांतता ताईला नीट ओळखता आली. तिच्यात जवळजवळ तीन महिने ती स्वतः राहून आली होती, तिचा कोपरान्‌कोपरा तिला माहीत होता.

फोन बंद करायच्या बटणावर तिचं बोट होतं. तिनं ते उचललं, स्पीकरचं बटण दाबलं आणि फोन टाकीशेजारी उताणा ठेवला. मग दुसरी खुर्ची ओढून वडिलांशेजारी बसली.

"अण्णा," ती जरा मोठ्यानं म्हणाली, म्हणजे दोघींना ऐकू जाईल असं, "ती साय धरायला लागली, हे तुम्हाला पहिल्यांदा कशावरून कळलं?"